फावडं उचलण्याआधी आकडा बघा : वॉरगेमच्या नकाशातले डोंगर बिघडतात कुठे?

२०२५ च्या जुलैत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. बेळगाव भागातला त्यात एकही नाही. पण किल्ल्यांचं वेड इथे कुठल्या यादीची वाट बघत बसलेलं नाही. दिवाळी आली की बेळगावच्या गल्लीबोळांत मातीचे किल्ले उभे राहतातच.

तोच नाद संगणकावर नेला आणि येळ्ळूरचा राजहंसगड किंवा गोकाकचा कडा वॉरगेमच्या (संगणकावर लढाया मांडायच्या खेळाच्या) मॅप एडिटरमध्ये, म्हणजे नकाशा रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभारायला घेतला, की पहिल्या तासाभरात भलतंच काहीतरी समोर येतं. सपाट माळावर सुळके. गडाचा उतार देवळाच्या पायऱ्यांसारखा. काकतीच्या पुढे महामार्गाला आडवी गेलेली पावणेतीनशे मीटरची भिंत. मग बहुतेक जण एडिटरमधला ब्रश घेतात आणि सगळं सारवायला लागतात. सारवल्यावर दिसत नाही, पण गेलेलं नसतं. चढ-उताराचं दुखणं क्वचितच एडिटरमध्ये असतं. नकाशा तिथे पोचण्याआधीच कुठल्यातरी पायरीवर आकडा बिघडलेला असतो, आणि तो तिथेच जाऊन दुरुस्त करावा लागतो.

## डोंगर म्हणजे चौकटींतले आकडे

दिवाळीचा किल्ला करताना आधी दगड-विटा रचायच्या, त्यावर तागाचं पोतं टाकायचं, मग चिखल थापायचा. पोत्याखाली वीट असेल तिथे उंचवटा, नसेल तिथे झोळ. संगणकातला डोंगर असाच असतो. जमिनीवर सारख्या अंतराची जाळी कल्पायची, प्रत्येक छेदावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची. एडिटर त्या आकड्यांवर पोतं पसरतो. या जाळीला हाइटमॅप म्हणतात. ती चित्राच्या रूपात साठवतात: काळं म्हणजे खोल, पांढरं म्हणजे उंच.

हे आकडे बहुतेकदा एसआरटीएम नावाच्या मोफत साठ्यातून येतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस रडार फिरवून ही मोजणी केली. त्यातल्या बारीक जाळीत एका अंशाचे ३६०० भाग असतात. बेळगावच्या अक्षांशावर एक चौकट उत्तर-दक्षिण सुमारे ३०.७ मीटर भरते आणि पूर्व-पश्चिम सुमारे २९.८ मीटर. दोन्ही सारख्या नाहीत, हे पुढे लागणार आहे.

एक फाइल एक अंश रुंद, एक अंश उंच. तिचं नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडतं. बेळगाव, खानापूर, लोंढा हे एन१५ई०७४ मध्ये, म्हणजे १५ अंश उत्तर आणि ७४ अंश पूर्व. संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक हे एन१६ई०७४ मध्ये. १६ अंशांची रेषा काकती आणि हत्तरगी यांच्या मधून जाते, म्हणजे जिल्ह्याचा नकाशा करणाऱ्याला दोन फाइली जोडण्यावाचून सुटका नाही. उतरवलेली फाइल पुरी आली का हे तिच्या आकारावरून कळतं: बारीक जाळीची कच्ची फाइल नेमकी २,५९,३४,४०२ बाइटची, जाड म्हणजे नव्वद मीटरच्या जाळीची २८,८४,८०२ बाइटची. एक बाइट जरी कमी असला तरी पुन्हा उतरवा.

## माळावर सुळके : पंचाहत्तर की एप्पत्तैदु?

मराठीत आपण ‘पंचाहत्तर’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि सत्तर नंतर. कन्नडमध्ये ‘एप्पत्तैदु’: सत्तर आधी, पाच नंतर. बेळगावच्या बाजारात दोन्ही चालतं, कारण ऐकणाऱ्याला भाषा ओळखता येते. संगणकाला ती ओळखता आली नाही, तर तो पंचाहत्तरचे सत्तावन्न करून मोकळा होतो.

एसआरटीएमची प्रत्येक उंची दोन बाइटमध्ये लिहिलेली असते (एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढाच आकडा मावतो) आणि मोठा बाइट आधी येतो. बरेच एडिटर लहान बाइट आधी असेल असं धरून वाचतात. ७५० मीटर म्हणजे दोन वेळा २५६ आणि वर २३८. उलटं वाचलं की २३८ वेळा २५६ आणि वर २. म्हणजे ६०९३०; पण दोन बाइटमध्ये ३२७६७ च्या वरचा आकडा ६५५३६ वजा करून उणे धरतात, म्हणून तो होतो उणे ४६०६. शेजारचा ७५१ होतो उणे ४३५०. जमिनीवर एका मीटरचा फरक, नकाशात २५६ मीटरचा. आणि गंमत म्हणजे ७६७ होतो उणे २५४, तर ७६८ होतो फक्त ३. बेळगावचा परिसर नेमका याच उंचीच्या आसपास असल्यामुळे शहराभोवतीचा माळ साळिंदरासारखा काट्यांनी भरतो.

उपाय दोन सेकंदांचा. आयात करताना ‘बाइट ऑर्डर’ असा पर्याय असतो, तिथे बहुधा विंडोज आणि मॅक अशी दोन नावं दिसतात. आहे ते बदलून पुन्हा आयात करा. स्मूथ ब्रशने हे काटे कधीच जात नाहीत, फक्त बोथट होतात.

सुळक्यांऐवजी एकेकटी अथांग विहीर दिसली तर रोग वेगळा. जिथे रडारला जमीन दिसली नाही तिथे, विशेषतः घाटातल्या कड्यांच्या सावलीत, जुन्या आवृत्त्यांमध्ये उणे ३२७६८ असा खुणेचा आकडा टाकलेला आहे. तो ‘माहीत नाही’ असं सांगतो, उंची नाही. तिसऱ्या आवृत्तीत या बहुतेक जागा भरून दिल्या आहेत, तेव्हा तीच घ्यावी. जुनी वापरायचीच असेल तर खड्डे आधी बुजवा आणि जाळी नंतर बदला. क्रम उलटा झाला की खुणेचा आकडा शेजाऱ्यांत मिसळतो: एका बाजूला ८०० मीटर, दुसऱ्या बाजूला ती खूण, मधला बिंदू उणे १५९८४. आता खड्ड्याच्या कडेला नवे खड्डे, आणि त्यांच्यावर ‘माहीत नाही’ ही खूणही उरलेली नाही.

## काकतीच्या पुढची भिंत

ही सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक आहे, म्हणून थोडं सावकाश.

दोन फाइली स्वतंत्रपणे चित्रात बदलल्या असं धरा. दक्षिणेच्या फाइलीत गोव्याच्या बाजूचा खोल भाग येतो. समजा तिची उंची २० ते १०४० मीटर. उत्तरेची ५०० ते १००० मीटर. चित्र बनवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलीतल्या सर्वांत खोल बिंदूला काळा आणि सर्वांत उंच बिंदूला पांढरा रंग देतं. आता सीमेवरचा ७०० मीटरचा एकच बिंदू दक्षिणेच्या चित्रात ६७ टक्के पांढरा होतो आणि उत्तरेच्या चित्रात ४० टक्के. एडिटरला तुम्ही २० ते १०४० ही मोजपट्टी दिलेली असते, तिच्यावर ४० टक्के म्हणजे ४२८ मीटर. ७०० च्या शेजारी ४२८. झाली २७२ मीटरची भिंत.

दोन शेतांच्या मोजण्या दोन वेगळ्या काठ्यांनी कराव्यात आणि बांध जुळत नाही म्हणून बांधालाच दोष द्यावा, तसं हे. काठी एकच हवी. कच्चे आकडे असतानाच दोन्ही फाइली जोडा, हवा तेवढा भाग कापा, आणि चित्रात रूपांतर शेवटी, एकदाच करा. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरच्या रास्टर मेनूत हे सगळं आहे: मर्ज (जोडणं), फिल नोडेटा (खड्डे बुजवणं), वॉर्प (जाळी बदलणं), क्लिप (कापणं), ट्रान्सलेट (चित्रात रूपांतर). या क्रमाने गेलात तर भिंत उभीच राहत नाही.

भिंतीऐवजी शिवणीवर एका चौकटीची सपाट पट्टी दिसली, तर शेजारच्या फाइलींतली सामाईक ओळ दोनदा आली आहे. फाइलीत ३६०० चौकटी, पण ३६०१ बिंदू असतात. दहा गाळ्यांच्या कुंपणाला अकरा खांब लागतात तसे. दोन कुंपणं जोडताना मधला खांब एकच ठेवायचा. हाच खांबांचा हिशोब एडिटरमध्येही चुकतो. पुष्कळ एडिटर ५१३, १०२५ किंवा २०४९ बिंदूंची जाळी मागतात. १०२४ चं चित्र दिलं तर काही ते गुपचूप ताणतात, काही शेवटची ओळ शून्य धरतात आणि नकाशाच्या कडेला सरळ तुटलेला कडा येतो.

## उतारावर पायऱ्या

आठ बिटच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा मावतात. वरच्या उदाहरणातला १०२० मीटरचा फरक २५५ पायऱ्यांत वाटला की एक पायरी चार मीटरची. चार मीटरच्या पायरीआड उभा माणूस अख्खा लपतो, म्हणजे खेळात ज्या उतारावर कुणीच दडू नये तिथे पलटणच्या पलटण गडप होते. सोळा बिटमध्ये ६५,५३६ छटा मावतात, त्यामुळे तीच पायरी दीड सेंटीमीटरची होते.

तेव्हा शेवटची फाइल सोळा बिट पीएनजी किंवा रॉ (नुसत्या आकड्यांची). जेपीजी कधीच नको. तिच्यात पायऱ्या तर येतातच, वर चौकोनी डागही पडतात. आणि फाइल ‘जरा उजळ करून बघू’ म्हणून फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू नका. काही सॉफ्टवेअर तिला विचारल्याशिवाय आठ बिट करतात. एकदा पडलेल्या पायऱ्या पुन्हा सोळा बिट करून जात नाहीत. दुधात पाणी घातल्यावर भांडं बदलून काय होणार?

बारीक जाळीवर नेताना येणाऱ्या पायऱ्या वेगळ्या. तीस मीटरची जाळी पाच मीटरवर नेली आणि ‘निअरेस्ट’ (जवळच्या बिंदूचाच आकडा उचलणारा) हा पर्याय राहिला, तर प्रत्येक चौकट सपाट ओट्यासारखी दिसते. बायलिनिअर किंवा क्युबिक निवडा, ते आजूबाजूच्या आकड्यांतून सलग उतार काढतात.

याच पायरीवर त्या ३०.७ आणि २९.८ चा हिशोब चुकता करायचा. अंशांतली जाळी तशीच चौकोनी धरली तर नकाशा पूर्व-पश्चिम तीन टक्क्यांनी फुगतो आणि शंभर किलोमीटरवर तीन किलोमीटरचा घोळ होतो. वॉर्प करताना बेळगावसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीतला ४३ उत्तर हा विभाग निवडा, म्हणजे चौकट मीटरमध्ये आणि खरोखर चौकोनी होते.

## बरोबर झालं हे ओळखायचं कसं?

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. डोळे फसतात, आणि त्याचं एक ठरलेलं कारण आहे. नकाशावरच्या सावल्या वायव्येकडून प्रकाश आल्यासारख्या काढायची रीत आहे. एडिटरमधला सूर्य खऱ्यासारखा दक्षिणेला ठेवला, की वरून बघताना डोंगर दरीसारखे आणि दऱ्या डोंगरासारख्या भासतात. लोक मग काळं-पांढरं उलट करून बसतात आणि धडधाकट नकाशा मोडतात.

खात्रीसाठी रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी पुरते. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. घटप्रभा, बेळगाव आणि लोंढा या तीन पाट्यांचे आकडे घ्या आणि एडिटरमध्ये त्या जागी कर्सर नेऊन उंची वाचा. पाचदहा मीटरचा फरक सोडून द्या; एसआरटीएमच्या अचूकतेची ठरवलेली मर्यादाच सोळा मीटरची आहे. फरक मोठा असेल तर त्याच्या ढंगावरून रोग कळतो.

तिन्ही जागी सारखाच फरक असेल, तर शून्य वेगळं धरलंय. जीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीपासून नसते. पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून असते, आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठाहून अधिक मीटरने कमी भरते. जीपीएसचे बिंदू आणि एसआरटीएम एकत्र केले की हा खड्डा पडतो. दुसऱ्या कुठल्या साठ्याचा तुकडा जोडलात, तर त्याची उंची कुठल्या शून्यापासून आहे हे सोबतच्या माहितीत आधी वाचा.

फरक उंचीच्या प्रमाणात वाढत असेल, तर मोजपट्टी चुकली. नकाशातली उंची ६४० ते १००० मीटर असेल तर एडिटरच्या ‘हाइट’ या चौकटीत ३६० टाकायचे आणि पाया ६४० ठेवायचा. लोक १००० टाकतात, आणि प्रत्येक टेकाड पावणेतीनपट उंच होतं.

सर्वांत खोल आणि सर्वांत उंच बिंदू बरोबर, पण मधले चुकलेले? कुठेतरी फोटोच्या सॉफ्टवेअरने रंगांचा समतोल ‘सुधारला’ आहे. मागे जाऊन पुन्हा फाइल काढा. आणि घटप्रभेच्या जागी लोंढ्याच्या बाजूची उंची दिसत असेल तर नकाशा दक्षिणोत्तर उलटा बसलाय: काही एडिटर पहिली ओळ वरची धरतात, काही खालची. ‘फ्लिप व्हर्टिकली’ वर एक टिचकी.

## आकडे बरोबर, तरी गोकाकचा कडा चढता येतो!

इथून पुढे चूक कुणाची नाही. तीस मीटरच्या जाळीला जे दिसत नाही ते दिसत नाही.

गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते. कडा जवळजवळ उभा आहे, पण हाइटमॅपमध्ये एका बिंदूला एकच उंची असते, उभी भिंत त्यात मांडताच येत नाही. ५२ मीटरचा फरक एका चौकटीत आला तर ६० अंशांचा उतार होतो, दोन चौकटींत पसरला तर ४१ अंशांचा, आणि नव्वद मीटरच्या जाड जाळीत तीसच. पायदळाला ४५ अंशांपर्यंत चढता येतं असा खेळाचा नियम असेल, तर पलटण धबधब्यावरून आरामात वर जाते. कडा ब्रशने ओढून उभा करायच्या फंदात पडू नका, पोत फाटल्यासारखा दिसतो. कड्याची रेघ वेगळी काढा आणि ती ओलांडता न येणारी म्हणून नोंदवा. बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाचंही तेच: १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी मन्रोच्या फौजेने घातलेला वेढा मांडायचा तर खंदक हातानेच खणावा लागेल.

इतिहासातली लढाई मांडणाऱ्यांसाठी आणखी एक खाच. रडारने २००० सालची जमीन पाहिली, म्हणजे हिडकलच्या जलाशयाचं पाणी त्याला सपाट जमीन म्हणूनच दिसलं. पाण्याखालची घटप्रभेची दरी त्या आकड्यांत नाहीच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला नकाशा हवा असेल तर धरणापूर्वीच्या नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेघा, गिरवून ती दरी परत कोरावी लागते. राकसकोपच्या जलाशयाचंही तसंच.

जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात उलटा प्रकार होतो. रडारचे तरंग झाडोऱ्यातूनच परत फिरले, त्यामुळे तिथली ‘जमीन’ काही मीटर वर उचलली गेली आहे. एडिटरमध्ये त्यावर पुन्हा पंधरा मीटरची झाडं लावली की उंची दोनदा मोजली जाते आणि जंगलाच्या कडेला खोटा बांध येतो. अंदाजाने वजाबाकी करू नका. सपाट जागी जंगल संपून शेत लागतं तिथे दोन्हीकडचे वीस-वीस बिंदू घ्या, सरासऱ्यांतला फरक काढा, आणि तेवढीच उंची जंगलाच्या सीमारेषेच्या आत कमी करा.

## ‘थोडं सारवलं तर बिघडतं कुठे?’

सगळीकडे नाही बिघडत. अथणीकडच्या काळ्या सपाट रानात मोजणीतलाच दोनतीन मीटरचा खडबडीतपणा राहतो, आणि माणसाच्या डोळ्यांची उंची दीड-पावणेदोन मीटर. तिथे समोरचा मोकळा माळही दिसेनासा होतो. अशा जागी उतार दोन अंशांहून कमी असलेला भागच निवडून एकदा हलकं स्मूथ करणं योग्यच. पण तोच हात राजहंसगडावर फिरवलात तर गडाचा माथा बसतो आणि खालच्या उतारावरची आडोशाची जागा नाहीशी होते.

## ‘षटकोनांच्या खेळात एवढी कटकट कशाला?’

षटकोनी घरांच्या खेळात तर जास्त लागते. समोरासमोरच्या बाजूंत ५०० मीटर अंतर असलेल्या एका षटकोनात एसआरटीएमचे सव्वादोनशेहून जास्त बिंदू पडतात, आणि खेळाला त्यांतून एकच उंची हवी असते. सरासरी घेतली तर अरुंद धार बुडते. सर्वांत उंच बिंदू घेतला तर शेजारची दरी बुजते. हालचालीसाठी मध्यक घ्यावा, म्हणजे सगळे बिंदू उंचीने ओळीत लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा. आणि धार असेल तिथे षटकोनाच्या बाजूवर नजर अडवणारी वेगळी रेघ मारावी. वल्लभगडासारख्या एकट्या टेकडीला हे दोन्ही लागतं.

## ‘नदी चढावर वाहते, त्याचं काय?’

मलप्रभा कणकुंबीहून निघून खानापूरकडे येताना नकाशात दोनचार ठिकाणी तरी वर चढताना दिसेल. नदीची रेघ एका साठ्यातली, उंची दुसऱ्या साठ्यातली, आणि काठावरची झाडं तिसरीच भर घालतात. उगमापासून सुरुवात करा. रेघेवरचा प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूहून उंच असेल तर त्याला आधीच्या बिंदूचीच उंची द्या आणि पुढे चला. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना एक-एक चौकट उताराने जुळवा. हे काम कच्च्या आकड्यांवर, मीटरमध्ये असतानाच करायचं. चित्र बनल्यावर करायला गेलात तर प्रत्येक छटा म्हणजे किती मीटर याचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. आणि जोडलेली, कापलेली, मीटरमधली ती फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. एडिटर पुढच्या आवृत्तीत जाळीचा आकार बदलेल, तेव्हा तिथूनच पुन्हा सुरू करता येईल.